मोझेलकाठच्या गावात शिजवलेलं युड मात गार्डबोउनेन

लक्झेंबर्गला गेलात तर शहर बघून झाल्यावर एक दिवस पूर्वेकडे मोझेल नदीच्या बाजूला नक्की काढा. 2020 पासून देशभरात बस, ट्रॅम आणि ट्रेनचा सेकंड क्लास फुकट आहे, त्यामुळे तिकिटाचा प्रश्नच नाही, बसायचं आणि निघायचं. नदीपलीकडे जर्मनी, अलीकडे उतारावर द्राक्षमळे, आणि ज्या शेंगेन व्हिसासाठी आपण कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन फिरतो ते शेंगेन गावही याच नदीवर, 1985 चा करार तिथे नदीतल्या बोटीवरच झाला.

पण मी गेले होते जेवायला, म्हणजे खरं तर स्वयंपाक बघायला. ऑफिसातल्या मैत्रिणीची आई या भागातली, आणि जूनअखेरीस बागेत गार्डबोउनेन तयार झाल्या की त्यांच्याकडे युड होतंच होतं. युड म्हणजे डुकराच्या मानेकडचं मांस, मीठात मुरवून धुरी दिलेलं. गार्डबोउनेन म्हणजे ब्रॉड बीन्स, जाडजूड हिरव्या शेंगा आणि आत चपटे दाणे. जवळचं गोस्टिंगेन गाव या बीन्ससाठीच ओळखलं जातं.

मांस रात्रभर गार पाण्यात भिजवलेलं होतं, नाहीतर सगळं खारट होतं. सकाळी नवीन पाण्यात लीक, गाजर, सेलरी, लवंगा टोचलेला कांदा, तमालपत्र, मिरी आणि मोझेलची पांढरी वाईन घालून मंद आचेवर दोनेक तास. उकळी फुटू द्यायची नाही, नुसतं हलकं हलकं हलत राहायला पाहिजे, असं काकू परत परत सांगत होत्या (मैत्रीण भाषांतर करत होती, काकू लक्झेंबर्गिश सोडून दुसरं बोलायला तयार नव्हत्या आणि मला ते फार आवडलं). तोवर आम्ही अंगणात शेंगा सोलत बसलो. दाणे कोवळे असले तर वरचं साल राहू देतात, जून असले तर गरम पाण्यातून काढून तेही सोलायचं, अगदी आपल्या बिरड्याचे वाल सोलतो तसं, आणि आतला दाणा काय सुंदर हिरवा निघतो!

आता खरी गंमत. लोक या डिशचं नाव घेताना मांसाचं कौतुक करतात, मला मात्र वाटतं सगळा जीव बीन्सच्या रश्श्यात आहे. बटरवर बेकनचे तुकडे आणि कांदा परतला, त्यात दोन-तीन चमचे मैदा घालून बदामी होईपर्यंत भाजला, मग मांस शिजलेलं तेच पाणी पळीपळीने घालत ढवळत राहिल्या. बाहेरचा स्टॉक नाही, क्रीम नाही. धूर, मीठ, भाज्या, वाईन सगळं त्या पाण्यात आधीच उतरलेलं असतं, म्हणून बीन्स आणि मांस एकमेकांना धरून राहतात. वरून मीठ चाखल्याशिवाय घालायचंच नाही. मग दाणे, आणि शेवटी सॅव्हरी या सुगंधी वनस्पतीची बारीक चिरलेली पानं. ही सॅव्हरी चुकवायची नाही, चव थाइमच्या जवळची पण मिरीसारखी थोडी तिखट, ती नसली की रस्सा नुसता जड लागतो.

ताटात बोटभर जाडीच्या मांसाच्या चकत्या, बाजूला बीन्स, उकडलेले बटाटे आणि ग्लासात रिसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची पांढरी वाईन. मांस सुरीशिवाय तुटत होतं. मी दुसऱ्यांदा बीन्स मागितल्या, मांस नको म्हटलं, तेव्हा काकू खूश झाल्या.

कुणाच्या घरी ओळख नसेल तरी पारंपरिक जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये हे मिळतं. ताज्या बीन्सच हव्या असतील तर जून-जुलै गाठा, एरवी फ्रोझन दाणे वापरतात, तेही चालतात. भूक मात्र ठेवून जा, एक प्लेट दोघांना पुरते.