जमिनीत पुरलेले रांजण

जॉर्जिया देशातील काखेती प्रांतात एका कुटुंबाच्या मारानीत, म्हणजे वाइनच्या कोठारात, मी प्रथम शिरलो तेव्हा तिथे पाहण्यासारखे काहीच दिसले नाही. जमिनीत फक्त काही गोल तोंडे होती आणि त्यांवर दगडी झाकणे. प्रत्येक झाकणाखाली माणूस उभा मावेल एवढा, निमुळत्या बुडाचा मातीचा रांजण गळ्यापर्यंत पुरलेला होता. त्यालाच क्वेव्री म्हणतात. आपल्याकडच्या धान्याच्या पेवाची आठवण झाली; पण पेव नुसते साठवते, क्वेव्रीच्या पोटात मात्र बरेच काही घडते.

र्त्वेली, म्हणजे द्राक्षांची तोडणी, शरद ऋतूत होते. र्कात्सितेली जातीची पांढरी द्राक्षे तुडवली, की रसाबरोबर साली, बिया आणि देठही क्वेव्रीत जातात. रस आंबू लागला की साली वर येऊन त्यांचा जाड थर जमतो आणि तो दिवसातून अनेकदा दांड्याने खाली दाबावा लागतो. भोवतालच्या जमिनीच्या गारव्यामुळे रस फार तापत नाही. आंबणे थांबल्यावर बिया निमुळत्या बुडाशी बसतात आणि त्यांच्यावर साली बसतात, त्यामुळे बियांचा कडवटपणा वर फारसा उतरत नाही. मला सर्वाधिक कौतुक या बुडाचेच वाटते. वसंतात झाकण उघडेपर्यंत वाइनला मधाचा रंग आणि कोऱ्या चहाचा तुरटपणा आलेला असतो.

रिकामी क्वेव्री धुणे हे खरे कष्टाचे काम. लांब दांड्याला चेरीच्या झाडाच्या सालीचे तुकडे बांधलेल्या घासणीने ती आतून घासतात. शेवटचे पाणी पिता येईल इतके स्वच्छ निघाले पाहिजे, असे यजमानांनी बजावून सांगितले.

राजधानी त्बिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा येथे सापडलेल्या खापरांवर सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, २०१३ मध्ये, युनेस्कोने क्वेव्रीची पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली होती. सोव्हिएत काळात कारखान्यांचा भर भरमसाट उत्पादनावर असताना ही पद्धत टिकली ती मुख्यतः अशा घरगुती मारानींमुळे.

द्राक्षांच्या त्याच रसात पीठ घालून तो आटवतात आणि दोऱ्यात ओवलेले अक्रोड त्यात पुन्हापुन्हा बुडवून चुर्चखेला करतात. ओसरीत वाळत टांगलेल्या माळांतील एक आजीबाईंनी मला काढून दिली. खाण्यापूर्वी दोरा ओढून काढायचा असतो, हे सांगायला मात्र त्या विसरल्या.