अजिंक्यताऱ्याची पदरवाट: गेरूचा थर सापडला आणि अडलेला तुकडा जुळला

अजिंक्यताऱ्याच्या कड्याखालच्या पदराने, म्हणजे उतारावरच्या अरुंद सपाट पायरीने, गडाला फेरी घालणारी वाट मी टप्प्याटप्प्याने जोडत आहे. मागच्या नोंदीत मी तिचा उत्तर बाजूचा साडेतीनशे मीटरांचा तुकडा सोडून देण्याच्या बेतात आहे, असे लिहिले होते. तो तुकडा गेल्या रविवारी जुळला. चार भिंतींच्या स्मारकाकडून निघून कड्याखालच्या पदराने कुरणेश्वराच्या अंगाला उतरणारी वाट आता सलग चालता येते, आणि ती एकदा नव्हे, दोन्ही दिशांनी चालून झाली आहे. हा आनंद आधी सांगून टाकतो, कारण पुढे बरेचसे लिखाण फसलेल्या प्रयत्नांचे आहे.

अडचण नेमकी कोणती होती, ते पुन्हा मांडतो. पूर्वेकडून येणारी वाट स्पष्ट आहे. गुरे आणि गवत कापणारी माणसे तिला अजून जिवंत ठेवतात. पश्चिमेकडूनही ती तितकीच ठळक येते. मात्र मधल्या भागात दसऱ्यानंतरचे गवत छातीपर्यंत वाढलेले असते, आणि तिथे कड्याला एकाखाली एक असे तीन पदर आहेत. पश्चिमेच्या वाटेचे टोक मधल्या पदरावर येते, हे निश्चित होते. तिथली उंची धरून मी पूर्वेकडे सरकत गेलो की दर वेळी वाट नाहीशी होऊन समोर उभा कातळ येई. पूर्वेचे टोक कोणत्या पदरावर आहे, हेच ठरत नव्हते. तीन फेऱ्यांमध्ये जीपीएसने तीन वेगवेगळ्या रेषा काढून दिल्या आणि त्यांपैकी एक तर थेट तटाच्या आतून गेली होती.

यात यंत्राचा दोष मानू नये, असे माझे आता मत झाले आहे. कड्याला खेटून चालताना अर्धे आकाश झाकलेले असते, आणि उरलेल्या उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून उशिरा पोहोचतात. त्यामुळे आपण उपग्रहापासून आहोत त्यापेक्षा दूर आहोत असा हिशेब यंत्र करते. उपग्रहांचे संकेत दोन वारंवारतांवर घेणारा नवा फोन एका स्नेह्यांकडून मागून आणला. आडवी चूक त्याने निम्म्यावर आणली. उभ्या चुकीत मात्र फारसा फरक पडला नाही. दोन पदरांमधले अंतर जेमतेम बारा मीटर असताना उंचीत पंधरा मीटरांची चूक असेल, तर त्या आकड्याचा उपयोग काय? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशावरही उत्तर मिळत नाही, कारण तिथे एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर, आणि आपले तिन्ही पदर एका रेघेच्या जाडीत मावतात. तो नकाशा डोंगररांगा समजून घेण्यासाठी उत्तम आहे. पदरवाटेसाठी त्याच्यावर विसंबणे अन्यायाचे ठरेल.

त्यानंतर मनगटी घड्याळातला वायुदाबमापक वापरून पाहिला. आपल्या उंचीवर हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने बदलला की सुमारे नऊ मीटरांचा फरक दाखवला जातो, आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारपर्यंत दाब तितका सहज उतरतो. सकाळी चार भिंतींपाशी जुळवलेली उंची दुपारी परत आल्यावर अकरा मीटरांनी वेगळी निघाली. होकायंत्राची गत याहून वाईट झाली. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते हे आपण सारे जाणतो, तरी मी यंत्र बिनदिक्कत कातळावर टेकवले आणि सुई वीस अंशांनी फिरली. वीज पडलेल्या माथ्याजवळच्या खडकांत हा परिणाम अधिक असतो, म्हणून होकायंत्र हातात धरून, खडकापासून दूर उभे राहून वाचावे. नवख्या सोबत्यांना हे आवर्जून सांगत जा.

मार्ग सुचवला तो आमच्या घराची डागडुजी करणाऱ्या गवंडीकाकांनी. ओसरीवर नकाशा पसरून मी त्यांना अडचण सांगत होतो, तेव्हा त्यांनी सरळ विचारले, "उंचीच बघायची ना? मग नळी लावा की!" पायाची पातळी काढायला गवंडी जी पारदर्शक पाण्याची नळी वापरतात, तीच. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते; तिला उपग्रह लागत नाही आणि कातळाच्या चुंबकत्वाशीही तिचा संबंध नाही. वीस मीटर नळी पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतली. खरेदी करताना हिरवट, जाड नळी घेऊ नका; तिच्यात अडकलेला हवेचा बुडबुडा दिसत नाही आणि एक बुडबुडा सगळे मोजमाप बिघडवतो. स्वच्छ पारदर्शक, बारीक नळी घ्यावी, पाण्यात चिमूटभर कुंकू मिसळावे आणि दोन टोकांना दोन धीराची माणसे असावीत.

काका स्वतः आले. पश्चिमेच्या टोकापासून आम्ही पंधरा-पंधरा मीटरांनी पातळी पुढे नेत गेलो आणि प्रत्येक मुक्कामी खुणेची काठी रोवत गेलो. समुद्रसपाटीपासूनची उंची मला नकोच होती. दोन टोकांमधला फरक तेवढा हवा होता. चार तासांनी पूर्वेच्या टोकाशी पोहोचलो, तेव्हा ते टोक पश्चिमेपेक्षा सात मीटरांनी खाली निघाले. परतीच्या मोजणीत अकरा सेंटिमीटरांची तफावत आली. साडेतीनशे मीटरांच्या गवताळ उतारावर ही तफावत मला अत्यंत समाधानाची वाटते.

सात मीटर म्हणजे ते टोक ना मधल्या पदरावर, ना खालच्या. या आकड्याने मी क्षणभर खचलो. तेवढ्यात काकांनी गवताआडची ओल दाखवली. कड्याच्या पायथ्याशी हातभर जाडीचा तांबडा थर होता आणि त्याच्या वरच्या कडेने पाणी पाझरत होते. भूशास्त्रज्ञ ज्याला रेड बोल म्हणतात, तोच हा गेरूचा थर. लाव्हाचा एक प्रवाह निवल्यानंतर पुढचा येईपर्यंत त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन हा थर तयार होतो आणि वरच्या प्रवाहाच्या उष्णतेने भाजून निघतो. तो मऊ असल्यामुळे आत झिजतो, वरचा घट्ट पाषाण कड्यासारखा उभा राहतो, आणि दोहोंच्या सांध्याशी पदर तयार होतो. पाणी भेगांतून उतरून याच थरावर अडते. म्हणून पाझर तिथेच आणि म्हणून माणसांची व गुरांची वाटही तिथेच. थराचा माग धरून पश्चिमेकडे गेलो, तर तो खुणेच्या काठ्यांच्या पातळीकडे हळूहळू वर चढत जाऊन पश्चिमेच्या टोकाशी बरोबर वाटेच्या पायाशी पोहोचला. पदर एकच होता. तोच कललेला होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो प्रवाह आला तेव्हा खालची जमीन सपाट नव्हती, एवढी साधी गोष्ट मी तीन महिने विसरून समपातळी शोधत बसलो होतो. पायऱ्यांच्या अर्थाच्या ज्या स्वीडिश शब्दावरून आपल्या दख्खनी खडकाला ट्रॅप हे नाव पडले, त्या पायऱ्या काटकोनात घडवलेल्या असतात असे मी उगाच गृहीत धरले होते.

नकाशातली रेषा आता हिवाळ्यातल्या कलत्या उन्हाच्या उपग्रहचित्रावरून हाताने काढली आहे. पदराची सावली त्यात स्पष्ट दिसते. कोणता पदर धरायचा हे कळल्यावर ते काम अर्ध्या तासाचे ठरले.

या थरामुळे पूर्व बाजूच्या टप्प्याचा बेतही बदलला आहे. मंगळाईच्या बुरुजाखालून जाण्याचा विचार मी धोक्यामुळे वगळला होता. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने गडाला वेढा घातला, किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो महिनोन् महिने झुंजवला, आणि एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले; दुसऱ्या स्फोटाचा ढिगारा उलटा बाहेर कोसळून वेढा घालणाऱ्यांवरच पडला. सुरुंग खणणारा माणूस कठीण पाषाण फोडत बसणार नाही, तो पायाशी मऊ थर शोधेल, हा माझा कयास आहे. तेव्हा तिथे तांबडा थर कोणत्या उंचीवर आहे, एवढे तरी लांबून दुर्बिणीने टिपून आणणार आहे. आझमतारा हे मोगलांनी दिलेले नाव पुसून ताराराणींच्या काळात गड अजिंक्यतारा झाला, त्या इतिहासाला धरून ही फेरी चालली जावी, अशी माझी इच्छा आहे.

हे लिहिता लिहिता पुढच्या मार्गाचाही विचार पालटला. बोगद्यावरच्या खिंडीतून यवतेश्वराच्या सोंडेवर थेट चढायचे, असे ठरले होते. परंतु मागे आपण मदेरा बेटाची चर्चा केली होती, ती आठवली. अटलांटिकमधल्या त्या ज्वालामुखीच्या बेटावर पावसाळी उत्तरेचे पाणी कोरड्या दक्षिणेकडे नेण्यासाठी पंधराव्या शतकापासून कातळात पाट खोदत आणले गेले. त्यांना लेवाडा म्हणतात, आणि त्यांच्या काठाने चालणे हीच आज तिथली सर्वांत मोठी पदयात्रा आहे. ब्रिटिश काळात कास तलावाचे पाणीही उघड्या पाटानेच साताऱ्याकडे येत असे. पाट म्हणजे आयती समतल वाट. शिवाय पश्चिमेचा मुसळधार पाऊस आणि पूर्वेला माण-खटावची टंचाई, ही विषमताही त्या बेटासारखीच. तेव्हा खिंडीतली चढाई पुढे ढकलून आधी पाटाचे अवशेष शोधावेत असे ठरवत आहे. कासच्या फुलांच्या सड्यावर पाय न ठेवता, पठाराच्या काठाखालूनच हे काम करावे लागेल.

काकांना मार्गशीर्षातला पहिला रविवार मोकळा आहे. नळी पुरेशी आहे, पण पाटाच्या मोजणीला दोन्ही टोकांखेरीज काठ्या रोवायला तिसरा माणूस लागेल. ज्यांना येणे शक्य असेल, त्यांनी सकाळी साडेसहाला समर्थ मंदिरापाशी यावे.