तुम्ही विचारलंत म्हणून: अठरा दिवसांचा हिशेब

"नोकरी सांभाळून ऑनलाइन डॉक्टरेट? खरी असते का हो ती?"

इथे न्यू जर्सीत गणपतीची आरती झाली की प्रसादाची वाटी हातात घेऊन कुणीतरी हे विचारतंच. विचारणारी बहुधा शिक्षिका असते, किंवा माझ्यासारखीच वर्ग सोडून ऑफिसात बसायला लागलेली. यंदा संक्रांतीला हाच प्रश्न बीड जिल्ह्यातून, माझ्या मामेबहिणीच्या फोनवर आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. आरतीच्या गर्दीत मी "हो, असते की" एवढं म्हणून मोकळी होते. तिला तसं सांगून भागलं नसतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी माझं. मी मूळची अंबाजोगाईची. लग्नानंतर इकडे आले, 'अल्टरनेट रूट'ने, म्हणजे आधी वर्गावर रुजू होऊन सोबत प्रशिक्षण घेत, गणिताची शिक्षिका झाले, अकरा वर्षं सहावी-सातवीला शिकवलं आणि आता एका मिडल स्कूलची असिस्टंट प्रिन्सिपल आहे. ऑगस्ट २०२० मध्ये एज्युकेशनल लीडरशिपच्या एड.डी.ला, म्हणजे शिक्षणक्षेत्रातल्या डॉक्टरेटला, प्रवेश घेतला, मे २०२५ मध्ये पदवी मिळाली. माहितीपत्रकात तीन वर्षं लिहिलं होतं.

खरी असते का, तर असते. पण मान्यता तपासून घ्यायची. अमेरिकेत विद्यापीठाला मान्यता सरकार स्वतः देत नाही, मान्यता देणाऱ्या संस्थांना सरकार मान्यता देतं. आमच्या भागातल्या विद्यापीठांसाठी मिडल स्टेट्स कमिशनचं नाव बघायचं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या साइटवर त्याची यादी फुकटात शोधता येते, पाच मिनिटांचं काम. शिवाय त्या अभ्यासक्रमावर आपल्या राज्यात प्रिन्सिपल किंवा सुपरिंटेंडंटचं सर्टिफिकेट मिळतं का, हे वेगळं विचारायचं. पदवी आणि सर्टिफिकेट ही दोन निरनिराळी प्रकरणं आहेत, आणि फोनवर प्रवेशासाठी मागे लागलेला गोड आवाजाचा मुलगा सर्टिफिकेटबद्दल आपणहून बोलत नाही.

"पण ती पीएच.डी. नाही ना?" नाही. एड.डी. ही शाळा चालवणाऱ्यांची डॉक्टरेट. हार्वर्डने १९२० मध्ये शिक्षणशास्त्राची वेगळी शाखा काढली तेव्हा तिथे ही पदवी सुरू झाली. पुढे ती पीएच.डी.ची पातळ आमटी आहे, अशी कुजबुज कायम होत राहिली. खुद्द हार्वर्डनेही अलीकडे एड.डी. बंद करून पीएच.डी. आणली. २००७ पासून कार्नेगीच्या नावाने विद्यापीठांचा एक गट ही पदवी नव्याने मांडतोय. त्यांचं म्हणणं साधं आहे: प्रबंधाचा विषय आपल्या कामात रोज टोचणारी अडचण असावी. त्याला ते 'प्रॉब्लेम ऑफ प्रॅक्टिस' म्हणतात. माझ्या विद्यापीठात पहिल्या महिन्यापासून हेच शब्द कानावर पडत होते आणि मला ते फार गुळगुळीत वाटायचे.

ऑनलाइन म्हणजे काय, तर बुधवारी रात्री अकरा एकोणसाठच्या आत चर्चेत पहिली पोस्ट, रविवारपर्यंत दोन सहाध्यायांना उत्तरं, आणि मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ झूमवर वर्ग. कोविडच्या वर्षानंतर मंगळवारी मुलीचा पोहण्याचा क्लास असे, म्हणून तिसऱ्या सत्रापासून बरेचसे वर्ग मी स्विमिंग पूलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केले. जानेवारीत इंजिन चालू ठेवायचं, काचांवर वाफ धरायची. अलास्कातला एक मुख्याध्यापक आमच्या गटात होता, त्याच्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असत आणि त्याच्या मागे शाळा सुटल्याचा गलका ऐकू यायचा. वर्गापेक्षा त्या गलक्याचाच मला आधार वाटे.

हे सगळं निभतं. दोन वर्षं निभलं. खरी मेख नंतर आहे.

माझ्या प्रबंधाचा विषय गैरहजेरी. इकडे शाळेचं वर्ष १८० दिवसांचं. त्यातले दहा टक्के, म्हणजे १८ दिवस मूल आलं नाही की ते 'क्रॉनिकली अॅबसेंट' ठरतं, आणि असल्या मुलांचं प्रमाण शाळेच्या प्रगतिपुस्तकावर चढतं. आजारपणाचे दिवसही धरतात. दिवाळीसारखे राज्याने मान्य केलेले सण मात्र सुटतात. कोविडआधी देशभरात साधारण १५ टक्के मुलं यात मोडत होती, २०२१-२२ मध्ये हा आकडा २८ टक्क्यांच्या आसपास गेला. आमच्या शाळेतही तो उडाला, आणि दर शुक्रवारी यादी माझ्या टेबलावर यायला लागली. यादीकडे बघताना माझ्या मनात एकच वाक्य असे: या आईबापांना शाळेची किंमत नाही.

प्रबंधाचं प्रपोजल मंजूर झालं. मी माझ्याच शाळेतल्या शिक्षिकांच्या आणि पालकांच्या मुलाखती घेणार होते. माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाची एक समिती परवानगी देते, आयआरबी म्हणतात तिला. तिने अर्ज परत पाठवला. सोबत एक प्रश्न होता: ज्या शिक्षिकांचं वार्षिक मूल्यमापन तुम्ही करता, त्यांच्यापैकी कुणी मुलाखतीला नकार दिला, तर तो कुणी दिला हे तुम्हाला कळणारच नाही, अशी कोणती व्यवस्था आहे?

मला राग आला. मी घाबरवणारी बाई आहे का? माझ्या केबिनचं दार सताड उघडं असतं, डब्यातला चिवडा सगळ्यांना वाटते. उत्तरात मी दोन परिच्छेद 'आमचे संबंध विश्वासाचे आहेत' असं लिहिलं. अर्ज पुन्हा परत. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा फ्रंट ऑफिसमधल्या सेक्रेटरी बाईंना मी सहज म्हणून विचारलं, "मी इंटरव्ह्यू मागितला तर कोणी नाही म्हणेल का?" त्या टायपिंग न थांबवता म्हणाल्या, "तुम्हाला? मे महिन्याच्या आधी तर कोणीच नाही." आमच्याकडे पुढच्या वर्षाच्या नेमणुकांची पत्रं मे महिन्यात निघतात.

त्या दिवशी घरी येऊन मी अर्ज मुळापासून बदलला. मुलाखती शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या (म्हणजे वेगळ्या शाळा-मंडळाच्या) शाळेत घ्यायच्या, जिथे मी कोणाचीच साहेब नाही. माझ्या शाळेची फक्त नावं काढून टाकलेली हजेरी वापरायची. नव्या शाळेची परवानगी मिळवण्यात चार महिने गेले. पण तुम्ही विचारता ना, काय शिकलात, तर पाच वर्षांत वाचलेल्या नेतृत्वाच्या पुस्तकांपेक्षा त्या एका वाक्याने मला जास्त शिकवलं, आणि ते समितीचं नसून सेक्रेटरी बाईंचं होतं.

मुलाखती चौदा झाल्या. त्यातल्या एकीची सांगते. ती एक्झिट ८ए जवळच्या गोदामात रात्रपाळी करते. न्यू जर्सी टर्नपाइकवर त्या बाजूला नुसती गोदामंच गोदामं. सकाळी सातला घरी पोचते, सात वीसला मुलाची बस. त्या वीस मिनिटांत तिने बूट काढून खाटेवर पाठ टेकली की संपलं. बस चुकली की मुलगा घरी, कारण गाडी नवरा घेऊन गेलेला. तिने पिशवीतून गैरहजेरीबद्दल आलेलं शाळेचं पत्र काढलं. चार घड्या घातलेलं, घड्यांवर कागद मऊ झालेला. मी विचारलं, यात काय लिहिलंय? ती म्हणाली, पहिली ओळ वाचली, पुढे कोर्टाचं नाव दिसलं, तिथेच थांबले. मी ते पत्र वाचलं. आमच्या शाळेचं पत्र आणि ते जवळपास शब्दशः एकच होतं. आमच्या पत्राखाली सही माझी असते.

दुसरा गट आपला. देशी कुटुंबं. डिसेंबरची सुट्टी जेमतेम दहा दिवसांची, आणि भारतात जायचं तर कुणी दहा दिवसांसाठी जात नाही. आजोबा आजारी, मावशीचं लग्न, परतीचं तिकीट स्वस्त मिळालं ते थेट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातलं. बारा-तेरा दिवस तिथेच जातात, मग दोन सर्द्या आणि एक फ्लू झाला की मूल यादीत. हे आईबाप रविवारच्या मराठी शाळेला न चुकता आणून सोडणारे, गणिताची जादा शिकवणी लावणारे. यांना शाळेची किंमत नाही, असं म्हणायची माझी जीभ रेटेना. मग गोदामातल्या बाईबद्दल तरी ती आजवर कशी रेटली?

एका रात्री कपाटातला खण उपसताना मुलीचं २०१७-१८ चं प्रगतिपत्रक सापडलं. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही पुण्याला होतो ते वर्ष. 'डेज अॅबसेंट: २१'. तेव्हा मी त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पत्र आलं असेल तर तेही उघडलं नसावं.

पैशाबद्दल दबक्या आवाजात विचारतात, तेही सांगते. ५४ क्रेडिट होती, आणि फी दर क्रेडिटला. डिस्ट्रिक्टने थोडी परतफेड केली. मालकाने शिक्षणासाठी दिलेल्या पैशांपैकी वर्षाला ५२५० डॉलरपर्यंत इथे करमुक्त असतात. बाकी आमच्या घरातून. आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं ते असं, की कोर्स संपले तरी प्रबंध होईपर्यंत दर सत्राला पैसे भरत राहावे लागतात. माझ्या गाइडबाई तिसऱ्या वर्षी विद्यापीठ सोडून गेल्या. मला ते एका ईमेलने कळलं, तोही त्यांचा नव्हे. नवे गाइड म्हणाले, दुसरं प्रकरण पुन्हा लिहा. ते लिहिण्याची तीन सत्रांची फी मी भरली. चूक कोणाची यावर मी पुष्कळ ईमेल लिहिले. विद्यापीठाने प्रत्येकाला नम्र उत्तर दिलं, पैसे दिले नाहीत. तेव्हा प्रवेशाआधी दोन गोष्टी लेखी विचारा: गाइड गेला तर काय, आणि प्रबंधाच्या प्रत्येक सत्राचे किती. आमच्या गटातले सोळापैकी सात जण कोर्स संपवून प्रबंधाशी अडकले ते अजून तिथेच आहेत. अलास्कावाला त्यातलाच एक. हुशारीत तो माझ्यापेक्षा काकणभर सरसच.

पगार? वाढला, थोडा. फी वसूल व्हायला मी निवृत्त होईन. 'डॉक्टर' म्हणतात का? शाळेत म्हणतात, घरी सासूबाई शेजारणीला सांगतात, "औषधाची नाही हो."

आणि शाळेत काय बदललं? पत्र बदललं. कोर्टाचं वाक्य काढून टाकता आलं नाही, वकिलांनी ते शेवटच्या परिच्छेदात ठेवायला लावलं. पण पाचव्या गैरहजेरीला आता पत्राआधी फोन जातो, आणि फोन करणारी व्यक्ती एकच गोष्ट विचारते: सकाळी नेमकं काय होतं? याने यादी किती कमी झाली हे छातीठोक सांगायला एक वर्ष पुरत नाही, आणि सांगितलं तर माझे नवे गाइडच आधी ओरडतील.

आता मामेबहीण. तिला मी सांगितलं, बाई गं, इथली ऑनलाइन पदवी तुझ्या कामाची नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएच.डी. बसतच नाही, आणि परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असं आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर सांगितलंय. पण नोकरी सांभाळून करायची तर अर्धवेळ पीएच.डी.ची वाट २०२२ च्या नियमांनी मोकळी ठेवली आहे. वरिष्ठांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि बायकांना वर दोन वर्षांची सवलत मिळू शकते.

"ते बघते मी," ती म्हणाली. "विषय लीडरशिपमधलाच काहीतरी घेईन म्हणते."

"काहीतरी नको घेऊस. सध्या वर्गात मुलं किती आहेत?"

ती गप्प झाली. संक्रांत म्हणजे ऊसतोडीचा भर. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, कोयते सांगली-कोल्हापूरकडे जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, उरलेली फडावर. हे मला कोणी सांगायला नको होतं. अंबाजोगाईला माझ्या वर्गातल्या दोन बाकांवर दर हिवाळ्यात कोणी बसत नसे.

"पटावर अडतीस आहेत ताई," ती म्हणाली. मग जरा थांबून, आवाज खाली करून, "तू अभ्यासासाठी विचारतीयेस का बहीण म्हणून? म्हणजे हजेरीतला आकडा सांगू, का वर्गातला?"