तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरात चष्म्याचं गिऱ्हाईक कुठं आहे?

"राजारामपुरीत गाळा बघितलाय, मशिनचं कोटेशन आलंय, आता गिऱ्हाईक किती मिळेल ते सांगा." ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शास्त्र, शिकलेली मुलं हे विचारतात, त्यांचे वडीलही विचारतात. आकडा दिला नाही की मी हातचं राखून बोलतोय असं वाटतं. राखण्यासारखं काही नाही, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

पूर्वी मी सांगायचो, संध्याकाळी सहा ते आठ गाळ्यासमोर थांबा आणि चष्मेवाले मोजा. आजही मोजा. पण त्या मोजणीत दिसतं ते दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक. चाळिशी ओलांडलेला, डोळ्यांवर काही नसलेला आणि मोबाईल हात लांब करून वाचणारा माणूस वेगळ्या रकान्यात लिहा. तो रकाना जास्त महत्त्वाचा.

"आमच्याकडं चष्मा घ्याल का?" हे कुणालाही विचारू नका. आपल्याकडं समोरच्याचं मन मोडत नाहीत, सगळे हो म्हणतात. घडून गेलेलं विचारा: शेवटचा चष्मा कधी घेतला, नंबर कुणी काढला, काडी तुटली तेव्हा काय केलं. मग चष्मा हातात घेऊन बघा. दोन्ही काचांचा नंबर अगदी सारखा असेल तर तो बहुधा बाजारातला तयार चष्मा. तुमची खरी स्पर्धा त्याच्याशी आहे, शेजारच्या शोरूमशी नाही.

आता हुपरीचं, म्हणजे कोल्हापूरजवळच्या चांदीच्या दागिन्यांच्या गावाचं. सर्वेक्षण शिकायचं असेल तर चांदीच्या कामाच्या खोलीत बसा. पन्नाशीचा कारागीर पैंजणाच्या कड्या जुळवतोय, झाळ देतोय. जवळचं वाचायचा तक्ता चाळीस सेंटिमीटरवर धरला तर बाजारच्या चष्म्यातून तो बारीक ओळ वाचतो आणि म्हणतो, "मला दिसतंय की." तुम्ही वहीत 'गरज नाही' लिहिता आणि उठता. तिथंच सर्वेक्षण फसतं, कारण त्याचं काम चाळीसवर नाही. टेप लावा, डोळा ते कडी पंचवीस सेंटिमीटर भरेल. चाळीसला अडीच डायॉप्टर (चष्म्याचा नंबर यातच मोजतात) लागतात, पंचवीसला चार. पन्नाशीच्या डोळ्याची आपली ताकद एक डायॉप्टर धरली आणि दूरचा नंबर नसला, तर वाचायला दीड पुरतो, कामाला तीन लागतो. दीडवाला चष्मा लावून तो दिवसभर डोळे ताणतो. तीनचा दिला तर काम लख्ख दिसतं, पण हातभर अंतरावरचा मोबाईल धूसर होतो. आधी सांगितलं नाही तर "नंबर चुकला" म्हणून चष्मा परत येतो. म्हणजे एका माणसाला दोन चष्मे लागतात, आणि कामासाठी वेगळा चष्मा घ्यायला तो तयार नसतो.

तेव्हा एवढंच विचारा: कुठलं काम आता तुम्ही करत नाही? "बारीक काम पोरगं करतंय." हे उत्तर आलं की गरज सापडली. काम नगावर असेल तर हातातून गेलेल्या बारीक कामाची मजुरीही लगेच विचारा. चष्म्याला किती परवडेल ते तिथं कळतं. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा दिला, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानतोडणी सुमारे २२ टक्के जास्त वाढली. तो अभ्यास २०१८ साली छापून आला. हुपरीच्या घराघरांत हे काम करणाऱ्या बायकांनाही स्वतंत्र विचारा. घरातला पुरुष मध्ये बोलला की त्यांचं उत्तर राहून जातं.

बाकी ठिकाणीही अंतरच मोजायचं. गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, हुपरीसारखंच. इचलकरंजीत मागावर तुटलेला धागा डोळ्यापासून हातभर अंतरावर असतो आणि माणूस मागांमध्ये फिरत असतो, त्याला दूरचंही स्वच्छ हवं. शिरोलीच्या फाउंड्रीत ग्राइंडिंगवाल्याला सहज न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच आणि बाजूचं कव्हर लागतं, तिथं खरेदी कोण ठरवतो ते विचारा.

गरज असलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. सरकारी शाळेतल्या मुलाची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, त्याला विक्रीत धरू नका. उसाचं पान लागून डोळा लाल झालेला माणूस दुकानात आला तर ड्रॉप देऊ नका, त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, किंवा डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवा. तिथं बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी तो बळावतो.

तुम्ही म्हणाल, हुपरीच्या स्वस्त चष्म्यावर राजारामपुरीचं भाडं निघणार का? नुसत्या त्यावर निघणार नाही. मग गाळाच हुपरीत घ्यावा, की गाळा शहरात ठेवून आठवड्यातून एक दिवस तिकडं तपासणी करावी? मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे. पण चष्मा सैल झाला, काच निसटली, तर कारागीर आठवडाभर थांबत नाही, बाजारातून नवा घेतो. याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही, आणि तुम्ही मागता तो आकडा यावरच अडलेला आहे.