टाच आधी, मग चवडा

दिवस नववा, संध्याकाळ

कंपवातावरील (पार्किन्सनच्या आजारावरील) संशोधनाला देणगी मिळावी म्हणून बारा दिवस चालते आहे; आज खिंड ओलांडली. चढाला साडेचार तास लागले, त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर होती: जवळजवळ सातशे मीटरचा घसारा, पायाखालचा प्रत्येक दगड सुटा आणि पाठीवरच्या सॅकचे सगळे ओझे गुडघ्यांवर आलेले.

निम्म्या वाटेवर एके ठिकाणी पाय उचलेचना. पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते दिसत होते, टाकायचे असे ठरवलेही होते, तरी पाय जागचा हलत नव्हता. बाबांना न्हाणीघराच्या दारापाशी रोज हेच होते. त्यांना कंपवात आहे. त्यात मेंदूतील डोपामीन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि एरवी मनात न आणता होणारे चालणेच बिघडते. पावले आखूड पडतात, पाय घासत जातात आणि अरुंद दारापाशी ते जमिनीला चिकटल्यासारखे होतात. म्हणून मी फरशीवर हात-हात अंतरावर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. रेघ समोर दिसली की ती ओलांडण्यासाठी बाबांचा पाय उचलला जातो, कारण तेव्हा प्रत्येक पाऊल ते ठरवून टाकतात. फिजिओथेरपिस्ट बाई त्यांना 'टाच आधी, मग चवडा' असे म्हणत चालवतात. आज मी तेच मोठ्याने म्हटले, टाच घसाऱ्यात रोवली आणि सुटले. माझी भीती पाच मिनिटांत ओसरली. बाबांची अडचण ओसरणारी नाही, याचे भान ठेवूनच हे लिहिते आहे.

संशोधनासाठी देणगी मागताना मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, की यातून तुमच्या बाबांना काय मिळणार? बहुधा काहीच नाही, असेच उत्तर मी देत आले. जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले ते अवघ्या सहा रुग्णांवरून, आणि त्यांतील काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. मेंदूत नेमके काय कमी पडते, हे मात्र मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी झाली तेव्हा, म्हणजे १९६० मध्ये उघड झाले, आणि त्यानंतर त्याच दशकात डोपामीनची ही उणीव भरून काढणारे लेव्होडोपा उपचारात आले. बाबा सकाळी सदऱ्याची बटणे स्वतः लावतात ती या औषधाच्या बळावर. ज्यांच्या मेंदूंवरून ते कळले, त्या माणसांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. आणि हे औषधही लक्षणेच आवरते. पेशींचे मरणे थांबवणारा उपचार अजून कोणापाशी नाही. बारा दिवसांची ही चाल त्या न सापडलेल्या उपचारासाठी आहे. मला बाबांना बरे करण्याची घाई फार आहे, पण त्या घाईपायी देणगीदारांना खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही.

सॅकच्या वरच्या कप्प्यात एक चिठ्ठी आहे. एका अनोळखी गृहस्थांनी देणगीबरोबर ती पाठवली. प्रत्येक ओळीतले पहिले अक्षर ठसठशीत आहे आणि ओळ संपेपर्यंत अक्षरे मुंगीएवढी झाली आहेत. हा आजार हस्ताक्षरही असेच आक्रसवतो, त्यामुळे मजकूर वाचण्याआधीच त्यांचे दुखणे मला कळले. मजकूर दोनच ओळींचा आहे: 'मला चालता येते तोवर मीही रोज चालतो. तुम्ही सावकाश जा.'

तळावर पोहोचल्यावर थोडा वेळ फोनला रेंज मिळाली. बाबांचा आवाज आता इतका खाली गेला आहे, की फोन कानाशी घट्ट दाबून धरावा लागतो. उद्याचा उतार केवढा आहे, हे त्यांनी दोनदा विचारले. आजच्यापेक्षा मोठा आहे, असे मी सांगितले. पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. फोन तुटला असेल असे वाटले. मग ते म्हणाले, "घाबरू नकोस. टाच आधी टेक."