चॅनल गेलं, माणसं राहिली

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मराठी वृत्तवाहिन्यांत काम करणारी ओळखीची मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो: नोकरी सोडून स्वतःचं काही ऑनलाइन सुरू केलं तर टिकू का? हातात चॅनलचं नाव असलेला माइक (बूम) नसेल तर आपल्याला ऐकणार कोण? उत्तर म्हणून मी टेकटीव्ही या अमेरिकन वाहिनीच्या लोकांची हकीकत सांगायला घेते आणि ती चहा संपेपर्यंत अर्धीच होते. आज पुरी सांगते.

11 मे 1998 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतून झेडडीटीव्ही ही केबल वाहिनी सुरू झाली. संगणकाची मासिकं काढणाऱ्या झिफ-डेव्हिस कंपनीची ती वाहिनी. पुढे मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी ती विकत घेतली आणि 2000 मध्ये तिचं नाव टेकटीव्ही झालं. मी तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत होते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून घरी आल्यावर पुन्हा कॉम्प्युटरबद्दलच टीव्ही बघायचा, याचं घरच्यांना नवल वाटे. पण 'द स्क्रीन सेव्हर्स' आणि 'कॉल फॉर हेल्प' हे कार्यक्रम मी यंत्रांसाठी बघतच नव्हते. मला तिथे फोन करणारी माणसं बघायची असत.

लोक थेट कार्यक्रमात फोन लावत. काहीजण वेबकॅमवरून पडद्यावर येत, आणि त्या काळच्या इंटरनेटवर त्यांचा चेहरा अडखळत, तुटत हलायचा. विंडोज सुरू होत नाही, प्रिंटर ओळखला जात नाही, मुलाने काहीतरी डाउनलोड केलं आणि आता सगळं बंद पडलंय. निवेदक लिओ लापोर्ट आधी सगळं ऐकून घेत. मग तोच प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा मांडत, म्हणजे घरी बसलेल्यांनाही अडचण कळावी, आणि त्यानंतरच उत्तराकडे वळत. विचारणारा कधी मूर्ख ठरत नसे. त्यांच्या शेजारी आधी केट बोटेलो, नंतर पॅट्रिक नॉर्टन असत. पडद्यामागे साहाय्यक म्हणून लागलेला केव्हिन रोझ हळूहळू कॅमेऱ्यासमोर आला. ही माणसं आपल्याला ओळखतात, असं बघणाऱ्याला वाटायचं. पुढचं सगळं याच भावनेवर उभं राहिलं, असं माझं मत आहे.

वाहिनी 4 कोटींहून अधिक घरांत पोचत होती, पण पोचणं वेगळं आणि बघितलं जाणं वेगळं. केबलच्या हिशेबात प्रेक्षक कमी पडत होते. 2004 च्या वसंतात कॉमकास्टने टेकटीव्ही घेतली, मे अखेरीस ती व्हिडिओ गेमच्या जीफोर वाहिनीत मिसळली आणि कारभार लॉस एंजेलिसला गेला. अडीचशेहून अधिक माणसांची सॅन फ्रान्सिस्कोतली नोकरी गेली. लापोर्ट त्याच्या थोडं आधीच बाहेर पडले होते. 'द स्क्रीन सेव्हर्स'चा बाज बदलत गेला आणि मार्च 2005 मध्ये त्याच्या जागी वेगळाच कार्यक्रम आला.

तुम्ही ज्याला घाबरता ते सगळं या लोकांच्या बाबतीत घडलं होतं. वाहिनी गेली, स्टुडिओ गेला, कार्यक्रमाचं नावही हातात राहिलं नाही.

लापोर्ट यांच्याकडे लॉस एंजेलिसच्या केएफआय रेडिओवरचा शनिवार-रविवारचा कार्यक्रम होता, तोही प्रश्नोत्तरांचाच. 'कॉल फॉर हेल्प' कॅनडातल्या वाहिनीने पुन्हा सुरू केला, त्यासाठी ते टोरांटोला ये-जा करत आणि एका फेरीत बरेच भाग चित्रित करत. म्हणजे पोटापाण्यासाठी जुनंच माध्यम चालू होतं. हे मुद्दाम सांगते, कारण एका रात्रीत सगळं सोडून झेप घेतल्याच्या कथा ऐकून तुमच्यातले काहीजण राजीनामा लिहायला बसतात.

जानेवारी 2005 मध्ये मॅकवर्ल्ड या मॅक संगणकांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने जुने सहकारी सॅन फ्रान्सिस्कोत भेटले आणि त्यांच्या गप्पा रेकॉर्ड झाल्या. ऐकणाऱ्यांनी आणखी मागितलं. एप्रिलमध्ये नियमित कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीचं नाव 'रिव्हेंज ऑफ द स्क्रीन सेव्हर्स' होतं, पण त्या नावावर जुन्या वाहिनीचा हक्क असल्याने ते बदलावं लागलं. 'धिस वीक इन टेक', म्हणजे ट्विट, हे नाव तेव्हा आलं. ट्विटर तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. जूनअखेर अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि आतापर्यंत हौशी लोकांपुरती असलेली ही गोष्ट एका बटणावर आली.

यामागचं गणित समजून घ्या. केबलवर जागा मिळवायला कोट्यवधी घरं लागतात. आरएसएस फीडवर (नवा भाग श्रोत्याच्या अ‍ॅपमध्ये आपोआप पोचवणाऱ्या यादीवर) ऑडिओ फाइल ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि काही हजार पक्के श्रोते असले तरी गाडी चालते. सुरुवातीला ट्विट श्रोत्यांच्या देणग्यांवर चालला. मग जाहिराती आल्या, ऑडिबल ही ऑडिओ पुस्तकांची कंपनी सुरुवातीच्या जाहिरातदारांपैकी एक. जाहिरात निवेदक स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या शब्दांत सांगतो. ऐकणारा नेमका कोण आहे हे जाहिरातदाराला माहीत असतं, म्हणून दर माणशी तो टीव्हीपेक्षा जास्त पैसे मोजतो. लापोर्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या पेटालुमा गावात यातून कार्यक्रमांचं अख्खं जाळं उभं केलं.

केव्हिन रोझचा मार्ग वेगळा. त्याने 2004 च्या अखेरीस डिग ही वाचकांच्या मतांवर बातम्या वर-खाली होणारी वेबसाइट काढली, 2005 मध्ये जीफोर सोडलं आणि जे अ‍ॅडल्सन, डेव्हिड प्रेगर वगैरेंबरोबर रिव्हिजन3 ही इंटरनेट व्हिडिओची कंपनी उभारली. अ‍ॅलेक्स अल्ब्रेख्तबरोबर सोफ्यावर बसून तो 'डिगनेशन' करायचा, ते 2011 च्या अखेरपर्यंत चाललं. पॅट्रिक नॉर्टन 'टेकझिला' घेऊन तिथेच आला. कामं उत्तम होती. पण ती कंपनी गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढली आणि अशा पैशाला ठरावीक काळात परतावा लागतो. 2008 च्या मंदीत तिथले अनेक कार्यक्रम बंद झाले, 2012 मध्ये डिस्कव्हरीने कंपनी घेतली आणि काही वर्षांत तो शिक्काच नाहीसा झाला. निवेदक पुन्हा रस्त्यावर. नॉर्टन यांनी मग शॅनन मॉर्सबरोबर 'टेकथिंग' काढलं, ते प्रेक्षकांच्या वर्गणीवर.

मला सर्वांत आदर वाटतो तो टॉम मेरिट यांच्याबद्दल. टेकटीव्हीत ते वेबसाइटची बाजू सांभाळत, पडद्यावर फारसे नसत. पुढे सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक वेबसाइटवर 'बझ आउट लाउड' हा पॉडकास्ट, मग ट्विटवर रोजचं बातमीपत्र. 2013 च्या अखेरीस तेही सुटलं, कारण ट्विटला पेटालुमाच्या स्टुडिओत प्रत्यक्ष बसणारा निवेदक हवा होता आणि मेरिट लॉस एंजेलिसला होते. जानेवारी 2014 मध्ये त्यांनी 'डेली टेक न्यूज शो' सुरू केला. पेट्रिऑनवर श्रोते दरमहा थोडे थोडे पैसे देतात आणि त्यावर तो चालतो. टेकटीव्हीपासूनचे रॉजर चँग आणि सारा लेन त्यांच्याबरोबर आले. मोठा स्टुडिओ नाही, गुंतवणूकदार नाही, घरच्या खोलीतला माइक आणि रोज वेळेवर येणारी बातमी. 2004 मध्ये ज्यांची वाहिनी विकली गेली त्यांच्यातला हा माणूस मला आजही सर्वांत सुरक्षित वाटतो.

ट्विटने मात्र 2011 मध्ये पेटालुमात मोठा, देखणा स्टुडिओ बांधला, 2016 मध्ये तुलनेने लहान जागेत गेला, आणि 2024 मध्ये स्टुडिओच बंद करून सगळे आपापल्या घरून काम करू लागले. जाहिराती आटल्यावर दरमहा वर्गणी भरणाऱ्या श्रोत्यांच्या क्लबचा आधार मोठा झाला. टीव्हीवाल्या माणसाला दिवे, सेट, पीसीआर (प्रक्षेपणाची नियंत्रण खोली) यांची ओढ असते, ती मी समजू शकते. पण दरमहा भाडं मागणारी ती पहिली गोष्ट असते.

आता तुमच्याबद्दल. यूट्यूबवर लाखो सबस्क्रायबर झाले तरी त्यातल्या एकालाही तुम्ही स्वतःहून पत्र पाठवू शकत नाही. यादी कंपनीकडे असते, आणि व्हिडिओ कुणाला दाखवायचा हे तीच ठरवते. पॉडकास्टचं फीड आणि ईमेलची यादी तुमच्या मालकीची असते. तेव्हा नोकरीत असतानाच, करारात बसत असेल तर, स्वतःच्या नावाने एक पत्ता सुरू करा आणि लोकांचे प्रश्न घ्या. चॅनलच्या कार्यक्रमाचं नाव सोबत नेता येत नाही, हे लापोर्ट यांच्या अनुभवावरून धरून चाला.

आणि विषय म्हणाल तर मराठीत तो पडून आहे. यूपीआयवर पैसे चुकीच्या माणसाला गेले, व्हॉट्सअ‍ॅप कुणीतरी ताब्यात घेतलं, सातबारा ऑनलाइन उघडत नाही, पेन्शनचा हयातीचा दाखला फोनवरून कसा द्यायचा: हे प्रश्न घेऊन माणसं नातवाची वाट बघत बसतात. आठवड्यातून एक तास, फोन घ्यायचे, ऐकून घ्यायचं, मग सांगायचं. महिना 50 रुपये देणारे दोन-तीन हजार लोक मिळाले तर एका माणसाचा पगार निघतो, आणि एवढे लोक सोलापूर-लातूरपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या मराठीत मिळतील याबद्दल मला शंका नाही. कुणी सुरू करणार असेल तर मला कळवा. वर्गणी मी पहिल्या महिन्यापासून भरेन.