रोलबॅक गेला कुठे?

एका पतसंस्थेचं कर्जवसुलीचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. जावा, स्प्रिंग आणि मेव्हनचे मॉड्यूल: डेटाबेसचं वेगळं, सर्व्हिसचं वेगळं आणि वर वेबचं, ज्यातून सर्व्हरवर चढवायची वॉर फाइल निघायची. तिथल्या अकाउंटंट मॅडमचा फोन आला, "सर, हप्त्याची पावती निघालीय, पण कर्जाची बाकी आहे तेवढीच दिसतेय."

लॉगमध्ये कारण सापडलं. पावतीची नोंद झाल्यावर बाकी कमी करताना एक्सेप्शन, म्हणजे चालता चालता आलेली एरर. तो बग किरकोळ होता. पण मेथडवर ट्रान्झॅक्शनल लिहिलेलं, म्हणजे मध्येच काही फसलं तर आधीच्या नोंदीही मागे घ्यायच्या (रोलबॅक), असं असताना पावतीची नोंद राहिलीच कशी? चेक्ड एक्सेप्शनला (जे जावात आधीच जाहीर करावं लागतं) स्प्रिंग आपणहून रोलबॅक करत नाही, म्हणून आधी ते तपासलं. हे तर रनटाइम एक्सेप्शन, ज्याला तो रोलबॅक करतोच. टेबलं रोलबॅक न जमणाऱ्या मायआयसॅमची असतील म्हणावं, तर सगळी रोलबॅक जमणारी इनोडीबी. आणि सर्व्हिस मॉड्यूलच्या टेस्ट हिरव्यागार, रोलबॅकचीसुद्धा!

मग स्टॅक ट्रेस, म्हणजे कुठल्या कोडने कुणाला बोलावलं त्याची यादी, ओळ न् ओळ वाचला. सर्व्हिसच्या ओळीखाली थेट तिला बोलावणाऱ्या, वेब मॉड्यूलमधल्या कंट्रोलरची ओळ. मध्ये ट्रान्झॅक्शन सांभाळणारा इंटरसेप्टर दिसायला हवा, तो नाहीच. म्हणजे कंट्रोलरला प्रॉक्सी (सर्व्हिसभोवतीचं स्प्रिंगचं वेष्टण, ज्यातून इंटरसेप्टर चालतो) मिळालीच नव्हती, नुसता ऑब्जेक्ट मिळाला होता. सर्व्हर सुरू होतानाचा लॉग उघडला, तर तीच सर्व्हिस दोनदा तयार झालेली.

वेब मॉड्यूलच्या एक्सएमएलमध्ये कॉम्पोनंट स्कॅनला (कुठल्या पॅकेजातले क्लास स्प्रिंगने उचलायचे ते सांगणाऱ्या ओळीला) कुणीतरी अख्खं मूळ पॅकेज देऊन ठेवलं होतं. त्यामुळे रूट कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे स्प्रिंग ऑब्जेक्ट ठेवतं त्या मुख्य डब्यात, सर्व्हिस असूनही वेबच्या विनंत्या घेणाऱ्या डिस्पॅचर सर्व्हलेटच्या कॉन्टेक्स्टने स्वतःची दुसरी बनवली, आणि कंट्रोलरला जवळची तीच मिळाली. ट्रान्झॅक्शन चालू करणारी ओळ मात्र रूटमध्ये, आणि ती फक्त आपल्याच कॉन्टेक्स्टमधल्या बीन्सना, म्हणजे स्प्रिंगने बनवलेल्या ऑब्जेक्टना, लागू होते. टेस्ट रूटचीच फाइल उचलायच्या, त्यांना हे कळणार कसं? डेटाबेसला क्वेरी पाठवणारा जेडीबीसी टेम्प्लेटही मुखदुर्बळ. ट्रान्झॅक्शन नसलं तरी तक्रार नाही, ऑटोकमिटवर, म्हणजे लगेच पक्की करत, एकेक क्वेरी बिनबोभाट मारत राहतो.

स्कॅन कंट्रोलरच्या पॅकेजपुरतं आवळलं, टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम फसणारा हप्ता भरला. इंटरसेप्टरची ओळ आली, पावतीची नोंद राहिली नाही. मोठ्या उत्साहाने मॅडमना फोन करून सांगितलं, "आता बाकी कमी झाली नाही, तर पावतीही राहणार नाही."

"अहो, पण पैसे काउंटरवर आलेले असतात ना!" त्या म्हणाल्या. "झालेल्या पावत्यांना हात लावू नका. मी रोजकीर्द घेऊन बसते, एकेक बाकी मिळवून घेऊ."